गुरुबाईचे आळु

हुलसूरच्या गुरुबाईच्या तोंडाचा पट्टा दोन भाषांत चालतो. सासरी मराठी, माहेरी दुबलगुंडीला कन्नड. रागावली की दोन्ही एकदम, आणि ती रागावली नाही असा दिवस आम्हा शेजाऱ्यांना आठवत नाही. साठी उलटली, नवरा नाही, तरी एकरभर मका ती एकटी करते. अडतं ते काढणीला. वाळलेली कणसं मोडायची, सोलायची, ढीग लावायचा, हे एकट्या बाईच्या हातून होत नाही.

यंदा तर माणूसच मिळेना. बाया सोयाबीनला, पोरं पुण्याला. त्यात मळणी मशीनवाल्या सिद्धलिंगचा निरोप आला, "परवा सकाळी येतो. ढीग तयार नसला तर पुढच्या गावाला जातो." पुढे गेलेलं मशीन एका एकरासाठी मागं फिरत नाही, आणि उभी कणसं रानडुकरं ठेवत नाहीत. गुरुबाई दारोदार फिरली. शेजारचा राघोबा म्हणाला, "बघू की, काकू." आमच्याकडे 'बघू' म्हणजे नाही.

शेवटी तिनं माहेरी फोन लावला. भाचा मंजुनाथ मजुरांची जीप चालवतो. तो भाडं घेऊन करजगीला गेलेला. फोन उचलला त्याच्या नव्या बायकोनं, विजयश्रीनं. ही कराडकडची, कन्नड अर्धंमुर्धं कळणारी. पण माहेरच्या फोनवर मराठी बोलेल ती गुरुबाई कसली? "नाळे आळु बेकु, जीप तुंब कळसु," म्हणाली आणि फोन ठेवला. म्हणजे उद्या मजूर पाहिजेत, जीप भरून पाठव. कन्नडात आळु म्हणजे मजूर. विजयश्रीच्या माहेरी मात्र अळू म्हणजे वडीची पानं. आम्ही त्याला चमकुरा म्हणतो, त्यामुळे ही चूक आमच्यापैकी कुणाला जमलीच नसती.

सकाळी गुरुबाईनं बांधावर मजुरांसाठी चहाचं मोठं पातेलं चढवलं होतं. विजयश्री एकटीच बसनं आली, सोबत फुगलेली पोती.

"आत्या, जीपभर काय मिळालं नाय. गावातलं सगळं अळू काढून आणलं."

गुरुबाई मटकन खाली बसली. "मी माणसं मागायलते गं, भाजी न्हाई." शिवी न देता तिचं वाक्य संपलेलं आम्ही पहिल्यांदा ऐकलं. तिचे डोळे भरले होते आणि आम्हाला फार वाईट वाटलं.

विजयश्री चेहरा पाडून उभी राहिली. मग म्हणाली, "आत्या, बेसन हाय का?"

तासाभरात बांधावर तेल तापलं आणि वड्यांचा वास रस्त्यावर गेला. राघोबाची मोटारसायकल आपोआप थांबली.

"काय तळायलाव, काकू?"

"आधी एक ओळ मोड, मग ताट."

राघोबा मक्यात शिरला. दुपारी सोयाबीनहून परतणाऱ्या जगदेवी आणि तिच्या टोळीतल्या बाया रिक्षातून उतरल्या. मजुरी आजकाल सगळेच देतात. पण रानात बसवून, गरम वाढून, "अजून घे की" म्हणणारं कुणी उरलेलं नाही. आम्हीही गेलो. आम्हाला काय वास येत नाही? अंधार पडायच्या आत ढीग लागला.

दुसऱ्या दिवशी मशीन मका काढून गेलं. निघताना विजयश्री पाया पडली. "आत्या, आता कन्नड नीट शिकून घेते."

गुरुबाईनं तिच्या पिशवीत कणसं कोंबली. "कामून? काही शिकू नको. पुढच्या सालीबी फोन तूच उचल."