फ्रेमच्या बाहेरचा काळबांडे

माझं नागपुरात धरमपेठेत फ्रेमचं दुकान आहे. माणूस फोटो टाकायला येतो आणि सोबत एक गोष्ट सांगून जातो. लग्नाचा ग्रुप फोटो असेल, तर मागच्या रांगेतले काका का रुसले होते ते तो सांगणारच! आठ दिवसांनी फोटो घरी जातो, काका मात्र आमच्या दुकानातच राहतात. अशा मुक्कामी मंडळींत सगळ्यात जास्त जागा अडवून बसलेला माणूस म्हणजे मनोहर काळबांडे.

काळबांडे आता मोठा चित्रकार आहे. दिल्ली-मुंबईत त्याची प्रदर्शनं लागतात. कॅटलॉगमध्ये त्याच्याबद्दल जे छापून येतं, ते तो मला वाचायला देतो आणि विचारतो, "काय म्हणून राहिला हा माणूस?" पण मुळात तो सावनेरकडच्या खेड्यातला, संत्रेवाल्याचा मुलगा. चित्रकलेच्या कॉलेजात आम्ही एकाच बाकावर होतो. तो चित्रं काढत राहिला, मी चौकटी ठोकत राहिलो.

"आपलं दोघांचं काम सारखंच आहे गा," तो एकदा म्हणाला.

"सारखं कसं?" मी म्हटलं. "माझं बिघडलं तं गिऱ्हाईक भांडते. तुझं बिघडलं तं त्याले स्टाईल म्हणतात!"

* * *

कॉलेज संपल्यावर दोन वर्षं तो शहराबाहेर वाडीला, ट्रकवाल्यांच्या वस्तीत, खोली करून राहिला आणि ट्रक रंगवायचा. बलदेव नावाचा एक ड्रायव्हर आला. म्हणाला, "पीछे शेर बना दो. एकदम खूंखार!"

दुसरा कोणी असता तर कॅलेंडरमधला सिंह उतरवून मोकळा झाला असता. काळबांडे दोन दिवस प्राणिसंग्रहालयात जाऊन बसला. तिथला सिंह म्हातारा. दिवसभर झोपायचा, मध्येच एक डोळा उघडून लोकांकडे पाहायचा आणि पुन्हा मिटायचा. काळबांडेने तोच काढला. अगदी तसाच!

बलदेव पाहतच राहिला. "ये शेर है? ये तो रिटायर हो गया!"

पण माल भरलेला होता, पुसून घ्यायला वेळ नव्हता. ट्रक तसाच रायपूरला गेला. महिनाभराने बलदेव परत आला. आता मार पडतो म्हणून आम्ही चपला हातात घेऊन पळायला तयार होतो.

तो म्हणाला, "भाई, हर ढाबे पे लोग पूछते हैं, इसको क्या हुआ? एक आदमी चाय लेके सामने बैठ गया, आधा घंटा उठा ही नहीं!"

मग जरा गंभीर होऊन म्हणाला, "दूसरे ट्रक पे इसकी बीवी बना दो. बेचारा अकेला है."

* * *

त्याच्या लग्नाची गोष्ट. मुलगी पाहायला मीच सोबत होतो. वैशालीचे वडील सरकारी ऑफिसातून नुकतेच निवृत्त झालेले, पण आवाज अजून ऑफिसातच होता. "चित्रकार आहात? काढा माझं चित्र. आत्ता!"

मी टेबलाखालून काळबांडेचा पाय दाबला. गोड काढ, असा त्याचा अर्थ होता. त्याने पाय बाजूला घेतला आणि दहा मिनिटांत पेन्सिलने चेहरा काढून दिला. कपाळाला आठ्या, ओठ आवळलेले, नाकपुड्या फुगलेल्या.

वडिलांनी कागद लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. "हा मी नाही."

पोहे घेऊन आलेल्या वैशालीने मागून डोकावलं आणि फिसकन हसली. "बाबा, तुम्हीच आहात! शेजारचे काका आपल्या गेटसमोर गाडी लावतात ना, तेव्हाचे!"

मग स्वयंपाकघरातून तिच्या आईचा आवाज आला, "मलेही दाखव वं!"

लग्न उन्हाळ्यातच झालं. ते चित्र मी फ्रेम करून दिलं. सासरेबुवांनी ते गेटकडे तोंड करून लावलंय.

* * *

मौद्याच्या रस्त्यावर एक कारखाना आहे. नाव सांगत नाही, अजूनही त्यांच्या फ्रेमा माझ्याकडेच येतात! त्यांच्या गेस्ट हाऊसच्या भिंतीवर कारखान्याचं चित्र हवं होतं. काळबांडेने काढलं. मागे आभाळ, पुढे हिरवी शेतं, मधोमध उंच चिमणी.

साहेब आले. "चित्र छान आहे. पण धूर कशाला? बाहेरचे लोक येतात."

काळबांडेने धूर पुसला. दुसऱ्या दिवशी साहेब पुन्हा आले. "धूर नाही म्हणजे कारखाना बंद वाटतो हो!"

मग तो वैतागला. त्याने चिमणीवर चिमणी बसवली. खरी, पंखांची! आता कोणी धुराबद्दल विचारणार नाही, असं त्याला वाटलं.

साहेबांनी मान वाकडी करून बराच वेळ पाहिलं. "काळबांडेजी, पाखरू निवांत बसलं, म्हणजे चिमणी थंड. म्हणजे बंदच की!"

काळबांडेने ब्रश घेतला, शिडीवर चढला आणि चिमणीचा एक पाय वर उचलून दिला. चटका बसल्यासारखा.

"वा!" साहेब म्हणाले. "आता चालू आहे!"

* * *

मुंबईत त्याचं पहिलं मोठं प्रदर्शन गाजलं आणि तीच चित्रं नंतर नागपुरात लागली. त्यात एक मोठं नारिंगी-काळं चित्र होतं. मधून खाली ओघळणारे घट्ट थेंब. ना झाड, ना माणूस. मुंबईच्या एका समीक्षकाने त्यावर दोन पानं लिहिली होती. शहराचं दुःख, काळाची जखम, असं बरंच काही.

उद्घाटनाला काळबांडेची माय खेड्यावरून आली. नवं लुगडं, हातात पिशवी. पाहुणे भाषण करत होते आणि ती एकटीच एकेक चित्र पाहत फिरत होती. त्या चित्रापुढे येऊन थांबली. पिशवी खाली ठेवली.

"मन्या," तिने भर भाषणात हाक मारली, "हे तं आपल्या बागेत डिंक्या आला होता, तवाचं व्हय ना रे?"

डिंक्या म्हणजे संत्र्याच्या झाडाचा रोग. खोडातून डिंक गळतो आणि झाड वाळत जातं. त्या वर्षी त्यांची अर्धी बाग तोडावी लागली होती. काळबांडे तेव्हा नववीत होता. त्याने हे कोणालाच सांगितलं नव्हतं. मलासुद्धा!

तो सगळ्यांना सोडून मायजवळ गेला. "व्हय."

मायने पदर डोळ्याला लावला. मग चित्राकडे बोट करून म्हणाली, "खोडाले बोर्डोपेस्ट लावली असती तं बाग वाचली असती."

* * *

आणि ही देशकर सरांची. सरांनी आम्हा दोघांना रंग शिकवले. हल्ली ते प्रतापनगरात मुलाकडे असतात. चार वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी पूर्ण गेली. दिल्लीत काळबांडेच्या आजवरच्या कामाचं प्रदर्शन ठरलं, तेव्हा तो मला म्हणाला, "शेवटचं चित्र सरांना दाखवल्याशिवाय पाठवत नाही."

"अबे, दाखवणार कसं?"

"ते मले नाही माहीत. तू टेम्पो बोलाव."

पाच फुटी कॅनव्हास आम्ही सरांच्या बैठकीत भिंतीला टेकवून उभा केला. सर उठले. त्यांनी चित्रावर तळहात ठेवला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू चालत गेले. मग परत आले.

"वरच्या डाव्या कोपऱ्यात घाई केली," सर म्हणाले.

मला तर तिथे काहीच चूक दिसत नव्हती. पण काळबांडेचा चेहरा उतरला. जाताना टेम्पोत म्हणाला, "तो कोपरा मी एका दुपारीत उरकला होता गा."

त्याने तो कोपरा खरवडून काढला. दिल्लीहून रोज फोन. बाकीची सगळी चित्रं रवाना झाली. वैशाली म्हणाली, "एवढी मोठी संधी जाईल हो." हा ऐकेना. बारा दिवस त्या वीतभर जागेवर बसला.

तेराव्या दिवशी पुन्हा टेम्पो, पुन्हा तीच भिंत. सरांनी तळहात ठेवला. या वेळी चालले नाहीत. हात त्या कोपऱ्यावरच राहिला. कितीतरी वेळ. काळबांडे कॉलेजातल्यासारखा हात मागे बांधून उभा होता.

सरांनी हात काढला, दोन पावलं मागे आले आणि आत वळून म्हणाले, "सूनबाई, माझा चष्मा दे गं."

सूनबाई क्षणभर थांबल्या. मग कपाटातून चष्मा काढला, पदराने पुसला आणि सरांच्या हातात दिला. सरांनी तो डोळ्यांवर लावला, दोन्ही कानांवर नीट बसवला आणि चित्रासमोर ताठ उभे राहिले.

"हं," ते म्हणाले. "आता बरं दिसून राहिलं."