जंय कोण दिसाचा नाय: आईसोबत थरच्या वाळवंटात

गणपती झाले, गल्लीतले मांडवाचे बांबू उतरले आणि त्याच आठवड्यात आईने जेवता जेवता सांगितलं, "माका एकदा अशा ठिकाणी जाऊचा हा, जंय कोण म्हणजे कोण दिसाचा नाय."

आई सहासष्ट वर्षांची. लग्न होऊन कणकवलीकडच्या गावातून लालबागच्या या चाळीत आली आणि दहा बाय बाराच्या खोलीत तिचा सगळा संसार झाला. बाबा गिरणीत होते, ती बंद पडल्यावर वॉचमन झाले. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. आता खोलीत आम्ही दोघीच, पण चाळीत 'दोघीच' असं काही नसतं. दार दिवसभर उघडं आणि गॅलरीतून जाणारा प्रत्येक जण डोकावून आज काय केलंय ते विचारणार. मी गावी जाऊ म्हटलं, तर गावात सगळेच ओळखीचे. माथेरान म्हटलं, तर ती नुसती हसली. शोधता शोधता मी थरच्या वाळवंटापर्यंत पोचले.

मी हिशेबी बाई आहे, बिनतयारीने पनवेललाही जात नाही. त्यामुळे तयारीला दोन महिने गेले, आणि तुम्ही जाणार असाल तर तुम्हीही तेवढे द्या. डिसेंबर-जानेवारीच योग्य. जैसलमेरजवळच्या झगमगाटी तंबूंच्या वसाहतीत जाऊ नका, तिथे रात्री आपल्या गल्लीसारखाच डीजे असतो. आम्ही तिथून पुढच्या एका गावातले भोमाराम नावाचे वाटाडे ठरवले: दोन रात्री, तीन दिवस, एक उंट, तंबू आणि जेवण, दोघींचे मिळून अकरा हजार. सीमेच्या बाजूला परवान्याशिवाय जाता येत नाही, म्हणून माणूस स्थानिकच हवा.

खरी काळजी आईच्या गुडघ्याची होती. वाळूत चालायचा सराव म्हणून आम्ही रोज सकाळी दादर चौपाटीला जायचो. ओल्या वाळूत कुणीही चालेल, कोरड्या वाळूत पोटऱ्या बोलायला लागतात. रविवारी शीवच्या किल्ल्याच्या पायऱ्या. हिंदमाताला जाऊन आईसाठी आयुष्यातले पहिले दोन पंजाबी ड्रेस घेतले, डोक्याला गुंडाळायला सुती ओढण्या घेतल्या. ड्रेस घालून ती गॅलरीत आली तेव्हा शेजारच्या सावंतकाकू म्हणाल्या, "गो, वाळू बघूक एवढ्या लांब? दादरची वाळू काय संपली?"

"दादरच्या वाळूवर तू भेटतस," आई म्हणाली.

निघायच्या आदल्या दिवशी तिच्या बॅगेतून मी सुक्या बांगड्याची पुडी बाहेर काढली. तिने ती परत आत घातली. हा खेळ तीनदा झाला आणि शेवटी मी जिंकले, असं मला वाटलं. वांद्र्याहून रेल्वेने जोधपूर, पुढे बसने पाच-सहा तास जैसलमेर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जीपने गाव. बसमध्ये खिडकीची जागा घ्या, पण डाव्या बाजूची नको. दुपारभर ऊन त्याच बाजूला असतं.

भोमाजी पन्नाशीतले, कमी बोलणारे. आईला त्यांनी पहिल्या वाक्यापासून 'माँसा' म्हटलं आणि आई तिथेच खूश झाली. पहिल्या दिवशी नऊ किलोमीटर चाललो. सगळीकडे सिनेमातल्यासारखी वाळू असेल ही समजूत सोडून द्या. निम्मी वाट खडकाळ माळाची, मध्येमध्ये रुईची झुडपं, सेवण गवत, एखादं खेजडीचं झाड. टेकड्या लागल्या की दोन पावलं वर आणि एक खाली. आई एकदाही थांबू म्हणाली नाही, पण मुक्कामी पोचलो तेव्हा तिचा उजवा गुडघा चांगलाच सुजला होता. संध्याकाळी बाजरीची भाकरी, सांगरीची भाजी आणि राखेत भाजलेला कांदा. सांगरी वाळवलेल्या गवारीसारखी दिसते, चव तिची तिलाच ठाऊक. आईने तंबूत जाऊन गुपचूप काहीतरी खाल्लं. वासावरून मला कळलं की पुडीच्या बाबतीत मी हरले होते.

जेवताना तिने आजूबाजूला पाहिलं आणि मला हळूच म्हणाली, "जागा बरी हा. पण तू असस, तो असा, उंट असा." म्हणजे तिला आम्हीही नको होतो, याचं मला थोडं लागलं. एवढा खटाटोप केला तो कुणासाठी, असं मनात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा भोमाजी पाण्याचे दोन्ही कॅन हातात घेऊन उभे होते. कॅन रिकामे होते. नुसते रिकामे नव्हते, वाळूने घासून लख्ख केलेले होते. शेजारी पातेलं, तांब्या, कळशी, सगळं पालथं घालून ठेवलेलं.

"माँसा, पानी कहाँ गया?"

"पानी शिळा था," आई म्हणाली. "फेक दिया."

"शिला?" भोमाजींनी कॅनमध्ये डोळा लावला. "पानी में पत्थर था?"

ज्यांच्याकडे चाळीत पहाटे तासभर पाणी येतं, त्यांना हे वेगळं सांगायला नको. नळ आला की कालचं शिळं पाणी ओतायचं, भांडी घासायची आणि ताजं भरायचं. पंचेचाळीस वर्षं आईचे हात अंधारात हेच करत आलेत. वाळवंटातही पाच वाजता जाग आली आणि हातांनी आपलं काम केलं. सगळं ओतून, घासून झाल्यावर ती कळशी घेऊन उठली आणि मग तिला कळलं की इथे नळ नाही.

मी खूप बोलले. परक्या माणसासमोर बोलले, त्याची मला अजून लाज वाटते. वाळवंटात पाणी ओततं का कुणी, एवढी तयारी केली, तुझ्यामुळे आता परत फिरावं लागणार, असं सगळं. आई खाली बघत ओढणीचं टोक पिळत होती. तिच्या तोंडावर जे होतं ते शाळेत मार खाणाऱ्या पोराच्या तोंडावर असतं.

भोमाजींनी मार्ग काढला. चार किलोमीटरवर एक वस्ती होती, तिथे विहीर. पण विहीर खोल, दोर ओढायला दोन माणसं हवीत, आणि दिवसा वस्तीवरची धडधाकट माणसं गुरांमागे गेलेली. सुजलेल्या गुडघ्याने आई जाऊन येऊन आठ किलोमीटर चालू शकली नसती, आणि उंटावर बसायला तिने पहिल्याच दिवशी ठाम नकार दिला होता. म्हणजे मी जायचं आणि आईने एकटीने थांबायचं.

मी म्हटलं, नको. परत जाऊ.

"तू जा," आई म्हणाली. "मी बसतंय हंय."

"एकटी?"

"मगे काय गाव बोलवू?"

भोमाजी म्हणाले की इथे कुणी येत नाही, साप थंडीत बिळात असतात, माँसाने फक्त तंबू सोडून लांब जाऊ नये. माझ्या बाटलीतलं लिटरभर पाणी तिच्याजवळ ठेवलं आणि उंट घेऊन निघालो. पहिल्या टेकडीवरून मागे पाहिलं तर ती आम्हाला हाताने 'जा, जा' करत होती. दुसऱ्या टेकडीनंतर ती दिसेनाशी झाली. पुढचे तीन-साडेतीन तास मी विहीर, वस्तीवरचं ताक, दोर ओढून सोललेले तळवे यातलं काहीच धड पाहिलं नाही. भीती वाटत होती, सरळ सांगते. हिला इथे काही झालं तर मी कुणाला काय सांगणार, एवढंच डोक्यात होतं.

परतलो तेव्हा ती खेजडीखाली पाय लांब करून बसली होती. आवाज पार बसला होता. कोरड्या हवेने बसला असेल म्हणून मी तिला खडीसाखर दिली. काय केलंस म्हणून विचारलं, तर म्हणाली, "काय नाय." त्या दिवशी चालणं रद्द केलं, मुक्काम तिथेच वाढवला आणि तिसऱ्या दिवशी जवळच्या वाटेने गावात उतरलो. ठरवलेल्या बावीस किलोमीटरपैकी आम्ही जेमतेम चौदा चाललो. माझ्या कागदावरचे दोन थांबे राहूनच गेले.

आता घरी येऊन महिना झाला. गॅलरीतल्या प्रत्येकाने विचारलं, काय बघितलंत. मी फोटो दाखवते, आई भाकरी कशी भाजतात ते सांगते. पुन्हा जायचं झालं तर मी पाण्याचा एक कॅन कुलूप लावून ठेवीन आणि चालायचं अंतर निम्मं करीन, एवढा धडा मी घेतला आहे. पण त्या तीन तासांचं ती काही बोलत नव्हती.

गेल्या रविवारी दुपारी ती पंख्याखाली लसूण सोलत होती. मी पुन्हा विचारलं. तिने उठून दार लोटलं. आमचं दार दुपारी लोटलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"तुझ्या बापाशीक हाक मारलंय," ती म्हणाली. "नावान. मोठ्यान. उभ्या जन्मात कधी नावान हाक मारूक गावली नाय. आधी सासू होती, मगे शेजारी. तो गेलो तेवा पण खोलीभर माणसा."

मी तिच्या पुढ्यातली सालं गोळा केली. विचारलं, "मग?"

"मगे काय. मारीत रवलंय हाका." तिने लसणीची पाकळी वाटीत टाकली. "ओ दिल्यान नाय. जितो होतो तेवा तरी खंय देय होतो."