वातीची पराटी

अजूनही वात वळायला बसले की मला नाल्याकाठचं ते वावर आठवतं. आमचा बा कपाशीचा माणूस. वऱ्हाडातला शेतकरी, दुसरं काय असणार? पण लढाईच्या दिवसांत सरकारनं सांगितलं, कपाशी सोडून ज्वारी पेरा, एकरामागे पैसे देतो. बानं तोंड वाकडं केलं, पण ज्वारी पेरली. श्रावणात आमचा एक बैल मेला, आणि मग त्या पैशांवरच सगळा जीव अडकला. एकट्या बैलानं पेरणीची तिफन थोडीच ओढली जाते? बानं अनसिंगच्या बाजारात तांबडा गोऱ्हा हेरूनही ठेवला.

नाल्याकडच्या धुऱ्याला, बांधालगत, मात्र मायनं दरसालाप्रमाणे पराटीचा, म्हणजे कपाशीचा, एक तास, एक ओळ, हातानं टोबला होता. देवाच्या वाती घरच्याच कापसाच्या हव्यात, अशी आमच्याकडची रीत. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

दिवाळीच्या सुमारास पाटलाचा निरोप आला, "उद्या साहेब पीक पाहाले येऊन राह्यला. वावरात पराटीचं एक झाड दिसलं तरी पैसे नाई."

बा मायला म्हणाला, "आजच्या आज उपटून टाक."

आम्ही दोघी गेलो. मायनं वाकून एक झाड धरलं आणि सोडलं. बोंडं नुकती फुटली होती.

"भरल्या झाडाले कशी उपटू, बाई?" ती मला म्हणाली. मग तिनं सगळा कापूस वेचून ओटीत घेतला आणि झाडं तशीच ठेवली. पांढरं काही दिसलंच नाही तर साहेबाला काय कळणार, असं तिचं डोकं. मला तर ते फारच पटलं.

दुसऱ्या दिवशी बानं साहेबाला नेमकं तिकडेच नेलं, कारण ज्वारी तिथंच सगळ्यात उंच होती. माय आणि मी मागोमाग होतो. "पाहा साहेब, पराटी औषधालेही सापडणार नाई," असं तो म्हणतोय तोवर समोर तास उभा.

साहेब भला होता. बाचा उतरलेला चेहरा पाहून त्यानं मायला विचारलं, "मागच्या सालची सरकी पडली असेल. आपोआप उगवली, नाही का?"

नुसतं हो म्हणायचं होतं. म्हण की माय, मी मनात म्हणत होते.

मायनं पदर सावरला. "नाई साहेब. मीनंच टोबली. देवाच्या वातीची हाये, तिच्यापाशी खोटं कसं बोलू?"

पैसे गेले. गोऱ्हा दुसऱ्याच्या दावणीला गेला. बा चार दिवस मायशी बोलला नाही आणि मीही फुगून बसले. त्याची आज लाज वाटते.

पुढच्या साली सगळ्या गावाची पेरणी उरकल्यावर शेजाऱ्यानं आम्हाला त्याचा बैल उसना दिला. सरकारचे पैसे त्या सालीही मिळणार होते, अट तीच. माय मुद्दामच रिकाम्या हातानं वावरात आली होती. बानं तिफन थांबवली, धोतराच्या सोग्यातून मूठभर सरकी काढली आणि तिच्या ओंजळीत घातली.

"पयले तुहा तास," तो म्हणाला. "ज्वारी मंग पाहू."

माय धुऱ्यावर बसून रडली. मग डोळे पुसून उठली आणि टोबायला लागली.