ट्रकच्या उलट दिशेनं जाणारी पावलं

तो माणूस मला आवडला नाही. आजही आवडत नाही.

मी तेव्हा न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टनजवळच्या लोअर हटमधल्या एका फ्रेमिंगच्या दुकानात कामाला होते. दुकान पुण्याच्या एका गृहस्थांचं. ते मला ताई म्हणायचे, मी त्यांना सर म्हणायचे. मी नागपूरची, चित्रकला शिकलेली, त्यामुळे जुने कागद हाताळायचं काम माझ्याकडे असायचं.

तो आला तो ऐन थंडीत, जँडल्स म्हणजे रबरी चपला घालून. गोरा, ऐंशीच्या घरातला, ताठ. त्यानं काउंटरवर एक मोठा कागद उलगडला. मेणाच्या खडूंनी काढलेलं चित्र होतं. त्याचे वडील ऑस्ट्रेलियातल्या वाळवंटात, वॉर्लपिरी या आदिवासी लोकांच्या सरकारी वसाहतीवर अधिकारी होते. त्यांनी तिथल्या एकाला खडू दिले आणि त्यानं हे काढलं. कोणी काढलं, असं मी विचारलं. नाव ठाऊक नाही, वडील त्याला नुसतं म्हातारा म्हणायचे, असं तो म्हणाला.

वरच्या भागात वर्तुळांत वर्तुळं होती आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. पाण्याच्या जागा आणि त्यांच्यामधल्या वाटा, असं त्यानंच सांगितलं. पिवळा आणि गेरूसारखा लाल इतका दाबून भरलेला की कागद चकाकत होता. खाली मात्र पत्र्याच्या घरांची सरळ रांग होती आणि तिच्याकडे जाणारा, माणसांनी भरलेला ट्रक. ट्रकच्या बाजूनं अनवाणी पावलांची एक ओळ होती.

त्याला वरचा भाग तेवढा हवा होता. खालचा भाग माउंटखाली, म्हणजे काचेमागच्या जाड कागदाच्या चौकटीखाली, झाकून टाक म्हणाला.

मी कारण विचारलं. वडिलांनी त्या लोकांना ट्रकमधून नव्या जागी नेलं, तिथे पाणी होतं, पीठ मिळायचं, सगळे सुखात होते, असं काहीबाही तो सांगू लागला. माझ्या वडिलांची वस्ती नाल्यापलीकडे हलवली तेव्हाही साहेब लोक असंच बोलले होते.

पावलांची बोटं घरांकडे नव्हती, उलट दिशेला होती. मी ती दाखवली. "मग हे परत का चाललेत?"

मला वाटलं होतं, त्याच्या ते लक्षात आलं नसेल. तो शांतपणे म्हणाला, "मला दिसतंय ते. मी लहान होतो तिथे. ते चालत आपल्या मुलखात परत गेले आणि वडिलांनी पुन्हा ट्रक पाठवला. म्हणूनच झाक म्हणतोय."

मी हे करणार नाही असं सांगितलं. त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तुमच्या देशात तर आम्ही रेल्वे बांधून दिली, असं सुनावलं. आवाज ऐकून सर बाहेर आले. त्यांनी त्याची माफी मागितली आणि मला मराठीत म्हणाले, "ताई, आपण फ्रेम करतो. इतिहास नाही लिहीत. तुम्हा लोकांचं सगळीकडे तेच."

"तुम्हा लोकांचं म्हणजे कुणाचं, सर?"

सर टेबलाकडे वळले. कटर घेतला आणि माउंट स्वतः कापला. हात सफाईदार होता. पावलं एकेक करून पांढऱ्या पुठ्ठ्याखाली गेली.

दुसऱ्या दिवशी मी त्या वाळवंटातल्या वॉर्लपिरी कलाकेंद्राला फोन लावला. एका बाईनं उचलला. मी वर्तुळांपासून सुरुवात केली, तर तिनं लगेच थांबवलं. "ते सांगू नकोस. त्यातलं काय कुणी पाहायचं ते आमची मोठी माणसं ठरवतात." म्हणजे ज्या भागासाठी त्या माणसानं चित्र काचेत बसवून घेतलं होतं, तो कदाचित मी पाहायलाच नको होता. मग मी फक्त ट्रक आणि पावलं सांगितली. "माझी आजी तशीच चालत परत आली होती," ती म्हणाली. तिनं त्या माणसाचा नंबर मागितला आणि मी दिला.

आठवडा उलटायच्या आत तो दुकानात आला, लालबुंद होऊन. चित्र परत मागायला फोन येतायत, माझा नंबर कुणी दिला, असं त्यानं विचारलं. मीच, असं मी सांगितलं. सरांनी मला त्याच्यासमोरच कामावरून काढलं. गिऱ्हाईकाचा नंबर बाहेर देणं चूकच, हे मी नाकारत नाही. पण त्यांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती नंबरमुळे नव्हती.

आता मी वेलिंग्टनला नोकरी करते. सकाळच्या गाडीला सर कधी दिसतात, दुसऱ्या डब्यात चढतात. चित्र अजून त्या माणसाकडेच आहे. त्या बाईशी माझं अधूनमधून बोलणं होतं. तो तिचा फोन उचलत नाही, आणि ती फोन करायची थांबलेली नाही.