हाकेच्या अंतरावर

जुन्या गावाच्या वेशीला लागून एक खिडकी आहे. गाड्या वेशीबाहेरच सोडायच्या आणि आत सगळं पायी फिरायचं, असा इथला नियम. त्यामुळे आलेला पाहुणा आधी खिडकीपाशी येतो आणि मग गावात शिरतो. त्या खिडकीत बसणाऱ्या बाईंना सगळे चौकशीबाई म्हणत. पाळण्यातल्या नावाने कोणी पुकारलं असतं, तर बाईंनीच मागे वळून पाहिलं असतं, ही कोण बाई आली म्हणून.

बाईंच्या नाकावर राग आणि जिभेवर सगळं गाव. सामान ठेवायची खोली कुठे, पिण्याच्या पाण्याचा नळ कुठला, बाजारामागचं स्वच्छतागृह दुपारी बंद असतं तर मग जायचं कुठे, कुठल्या गल्लीत भर उन्हातही सावली मिळते, हे सगळं समोरच्याचा प्रश्न संपायच्या आत सांगून मोकळ्या. उंच टाचांची चप्पल दिसली की न विचारता बजावायच्या की दगड गुळगुळीत झालेत, सपाट काहीतरी घालून या, नाहीतर पडाल आणि गावाला नावं ठेवाल. फक्त किती लांब आहे, असं कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं. राजवाडा? हाकेच्या अंतरावर. संग्रहालय? हाकेच्या अंतरावर. टेकडीवरचा मनोरा? तोही हाकेच्या अंतरावर.

यात बाई थापा मारत होत्या असं नाही. त्यांच्या लहानपणी ते खरंच तसं होतं. मनोऱ्याखालच्या वरच्या आळीत त्यांचं घर. आई पाहुण्यांच्या उतारघरात चादरींना इस्त्री करायची, ती अंधार पडल्यावर घरी यायची. तोवर घर थोरल्या बहिणीच्या हातात. ताई स्वयंपाक उरकायची आणि गच्चीच्या कठड्याला टेकून हाक मारायची. त्या हाकेला लांबलचक शेपूट असायचं, "ठमेऽऽ, ताट वाढलंय गंऽऽ!" आणि खाली वेशीपाशी खेळणारी धाकटी ठमी धूम ठोकायची. वाटेत घड्याळजी चष्म्यावरून बघत म्हणायचा, "पळ, निवलं बघ." बेकरीवाल्याची आजी हातावर पावाची कड ठेवायची. त्या वयात गुडघे नावाचा अवयव असतो हेच ठमीला ठाऊक नव्हतं.

पुढे ठमी लग्न होऊन वेशीबाहेरच्या नव्या वस्तीत गेली आणि खिडकीत बसायला लागली. ताई वरच राहिली. आधी ताई दर आठवड्याला भाजीला खाली यायची, खिडकीपाशी टेकायची, दोघी मिळून पाहुण्यांच्या टोप्यांना हसायच्या. मग ताईचं उतरणं कमी झालं आणि एक दिवस थांबलंच. एका गावात राहून दोघी बहिणी फोनवर बोलायला लागल्या. कोणी बाईंना विचारलं, ताईकडे जाऊन आलात का, तर बाई म्हणायच्या की जाईन की, काय लांब आहे का? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तशातली गत. कळसा काखेतच असल्यामुळे बाईंनी तो कधी शोधलाच नाही.

आणि आता ताई निघाली होती. लेक रविवारी येऊन तिला आपल्या गावी नेणार होता, बोटीने जावं लागतं इतकं ते लांब. फोनवर ताईने हे सांगितलं तेव्हा बाई उखडल्या. जन्म गेला त्या घरात, आता या वयात काय परक्या गावचं पाणी गोड लागणार आहे का, असं बरंच बोलल्या. ताई ऐकून घेत राहिली. बाईंना वाटत होतं, आपण रागावलो की ताई थांबेल; लहानपणापासून ती नेहमी थांबत आली होती.

त्याच आठवड्यात एक म्हातारं जोडपं खिडकीशी आलं. मनोरा हाकेच्या अंतरावर, असं बाईंनी त्यांनाही सांगितलं, नेहमीसारखंच. संध्याकाळी दोन हमाल म्हाताऱ्याला खुर्चीत बसवून खाली घेऊन आले. दम लागून तो मधल्या पायऱ्यांवर बसला होता, म्हणाला होता की आता वरही जात नाही आणि खालीही. बाईंनी भांडणाची तयारी केली. पण म्हातारी भांडली नाही. खिडकीशी वाकून तिने शांतपणे विचारलं, "बाई, तुम्ही स्वतः वर कधी गेला होतात?"

बाईंनी त्या संध्याकाळी खिडकी लवकर लावली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. बाई सपाट चपला घालून निघाल्या. घड्याळजीच्या दुकानात आता भिंतीवर चिकटवायची चित्रं विकत होते. बेकरीचं शटर कायमचं खाली ओढलेलं होतं. आणि बाईंना आठवलं की आपण कालपर्यंत लोकांना "घड्याळजीच्या कोपऱ्यावरून डावीकडे" सांगत होतो. बिचारे कोपरा शोधत किती फिरले असतील. नळापर्यंत त्या ठीक होत्या. पुढे पायऱ्या लागल्या, कठडा फक्त अर्ध्यापर्यंतच होता, आणि सावली तर औषधाला नव्हती. गुडघे कुरकुरायला लागले. म्हातारा जिथे बसला असावा तिथेच बाईही बसल्या आणि त्यांनी त्याची मनातल्या मनात माफी मागितली.

घर वर दिसत होतं, गच्चीचा कठडासुद्धा. पाय मात्र उठेनात. येणारे-जाणारे बघत होते, तरी बाईंनी लाज गुंडाळून ठेवली आणि हाक मारली, "ताईऽऽ!" आवाज चिरकला. पुन्हा मारली. तिसऱ्या हाकेला कठड्यावर पांढरं डोकं दिसलं.

ताई काठी टेकत, एकेक पायरी बसत-उठत खाली आली. पदराखाली पाण्याचा तांब्या होता. बाई घटाघट प्यायल्या. ताई शेजारी टेकली आणि म्हणाली की ताट वाढायच्या वेळेलाच बरी आलीस, खोड काही जात नाही.

बाईंनी मग सगळं सांगितलं, म्हातारीचा प्रश्नसुद्धा. आणि म्हणाल्या, तू जाऊ नकोस, मी रोज येत जाईन.

ताईने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुझी खिडकी बंद झाली की मला गच्चीवरून दिसतं. रोज वाटायचं, आज ठमी आत वळेल. तू रोज बाहेर वळायचीस."

"मग हाक का नाही मारलीस गं?"

"मारायचे की. आवाज पोचत नाही आता." ताईने रिकामा तांब्या बाजूला ठेवला. "रागावून नाही जात मी. पण लेकाला हो म्हटलंय, आणि एकटीला रात्र मोठी वाटते."

बाई रडल्या. चारचौघांत, भर पायऱ्यांवर, नाक ओढत रडल्या. ताईने पदराने त्यांचं तोंड पुसलं आणि दोघी एकमेकींना धरून वर जेवायला गेल्या.

उरलेले दिवस बाई रोज खिडकी लावून आत वळल्या. नळापाशी थांबत, पायऱ्यांवर बसत, पण वर पोचत. खिडकीत "हाकेच्या अंतरावर" हे शब्द त्यांनी टाकून दिले. चढ आहे, पाणी बरोबर घ्या, अर्ध्यावर बसा, जमत नसेल तर उजवीकडची गल्ली धरा, लांब पडते पण पायऱ्या नाहीत, असं सांगायला लागल्या.

रविवारी हमालांनी ताईला त्याच खुर्चीतून खाली आणलं. अर्धा बाजार बघायला उभा होता आणि ताई खुर्चीतून हमालांना रस्ता दाखवत होती. मागून लेक पेटी घेऊन येत होता. वेशीपाशी तिने खुर्ची थांबवायला लावली आणि खिडकीकडे वळून अगदी पाहुण्यांच्या सुरात विचारलं, "अहो बाई, माझ्या लेकाचं गाव किती लांब आहे हो?"

बाईंनी खिडकीची चौकट घट्ट धरली. बोटीच्या वेळा त्यांना पाठ होत्या, कुठे उतरायचं, कुठली गाडी धरायची, सगळं ठाऊक होतं.

"हाकेच्या अंतरावर," त्या म्हणाल्या.