मामाजींची दिवाळी पहाट

आमच्या मामाजींइतके प्रवास या भूतलावर कोणी ठरवले नसतील आणि त्यांच्याइतके कमी प्रवास कोणी केले नसतील. मामाजी म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. आदिलाबादच्या तहसील कचेरीत पेशकार, म्हणजे साहेबांपुढे फाइली मांडणारे कारकून, होते. निवृत्तीच्या दिवशी हारतुरे घेऊन आदिलाबादलगतच्या मावला गावातल्या घरी आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला त्यांनी जेवणाच्या टेबलावर कचेरी भरवली, ती आजतागायत उठलेली नाही. घरातल्या प्रत्येक कामाची लाल दोरीने बांधलेली फाइल असते. गिझर बिघडला तर आधी पंचनामा होतो, मग मेकॅनिकला फोन जातो. काम पुरे झाले की फाइलवर निजामाच्या वेळेपासून चालत आलेला शेरा पडतो, ‘दाखल दफ्तर’, म्हणजे प्रकरण बंद. आणि काम पुढे ढकलले की शेरा पडतो, ‘मुल्तवी’. गिझर, गॅस, गच्चीची गळती हे सगळे दाखल दफ्तर. सहली मात्र झाडून साऱ्या मुल्तवी.

या मुल्तवी फाइली मी एकदा चहा होईपर्यंत चाळल्या होत्या. हैदराबादची सहल मुल्तवी, कारण ‘सौ.ची मंजुरी तोंडी आहे, लेखी नाही.’ तिरुपती मुल्तवी, कारण ‘कापसाच्या गाड्यांमुळे भैंशाचा रस्ता जाम.’ तिरुपतीला जायला भैंशावरून कशाला जायचे, हा प्रश्न मी विचारला. ते म्हणाले, “जवाईबापू, भैंशाचा रस्ता मी सोता पाह्यलेला आहे. न पाह्यलेल्या रस्त्यानं बाईमानसाले घेऊन जाऊ काय?” सहल ठरवण्याची त्यांची रीतही जगावेगळी. महिनाभर आधी काही ठरवायचे नाही, कारण लवकर ठरवलेले मोडते असा त्यांचा ठाम अनुभव. सगळे ऐनवेळी ठरवायचे, पण ठरवायचे मात्र महिनाभर पुरेल एवढ्या तपशिलाने. त्यामुळे गाडी सुटायची वेळ होई तेव्हा मामाजी परतीच्या प्रवासातल्या पिण्याच्या पाण्यापर्यंत पोचलेले असत.

मामींची या कशाबद्दलच तक्रार नव्हती. त्यांना एकच हौस, गाण्याची. चाळीस वर्षे स्वयंपाकघरातल्या रेडिओवर त्यांनी गाणे ऐकले, पण गाणारे माणूस समोर बसून गाताना कधी पाहिले नाही. “एवढी लांब तान घेते ते बाई, श्वास कुठं घेत असंन?” असे त्या पोळ्या लाटता लाटता विचारायच्या. गेल्या वर्षी त्यांचा उजवा कान गेला. दसऱ्यानंतर नांदेडच्या डॉक्टरांनी डावा तपासला आणि हाही फार दिवस साथ देणार नाही असे सांगितले. दिवाळी चार दिवसांवर आली तेव्हा मामाजींनी मला बोलावले. टेबलावर कोरी फाइल होती आणि तिच्यावर लिहिले होते, ‘पुणे. दिवाळी पहाट.’

“दिवाळीत पुन्यात रोज पहाटे जागोजागी गानं असते म्हनतात. खरं आहे काय?” मी म्हटले, खरे आहे, शाळेत काम करणाऱ्या माझ्यासारख्यालाही इथे तेलंगणात त्या दिवसांत एखाददुसरीच सुटी मिळते, वर तीन दिवसांची रजा टाकतो, तुम्ही, मामी आणि आम्ही दोघे नवराबायको असे चौघे जाऊ. मामाजींनी लगेच अर्ज लिहायला घेतला. एका मैदानावरच्या कार्यक्रमाच्या आयोजकांच्या नावे दोन पाने. ‘अर्जदाराच्या पत्नीचा उजवा कान निकामी असून डावा शाबूत आहे. सबब उजव्या बाजूची, पुढील रांगेतील खुर्ची मिळावी, जेणेकरून डावा कान मंचाकडे राहील.’ मी तो अर्ज मोबाइलवर पाठवला. तासाभरात उत्तर आले : नमस्कार, कार्यक्रम विनामूल्य आहे, सर्वांचे स्वागत. खाली एक पणती.

मामाजींनी ते तीनदा वाचले. “सर्वांचं म्हंजे कोनाचंच नाही. आमचं नाव कुठं आहे?” मी उत्तर छापून आणले, वर त्यांचे नावही टाकले. “शिक्का?” मी कपाळावर हात मारला. मामाजी शांतपणे म्हणाले, “बिनशिक्क्याच्या कागदावर मी चाळीस वर्षं कोनाले दारातून आत घेतलं नाही. मंग मी कोन्या तोंडानं जाऊ?” आतून मामी म्हणाल्या, “राहू द्या वो. रेडिओ आहेच ना.” रेडिओचा आवाज त्यांनी आता एवढा मोठा केला होता की शेजारच्यांना बातम्या फुकट मिळत होत्या. मला मामाजींचा असा राग आला की काय सांगू. या एका शिक्क्यापायी त्या माउलीचा कान मुल्तवी होणार होता.

मी तडक शाळेत गेलो. वाचनालयाच्या कपाटात एकच गोल शिक्का होता : ‘मराठी वाचनालय. पाने दुमडू नयेत.’ तो मी मुद्दाम हात हलवून मारला, म्हणजे अक्षरे फिसकटतील. मामाजींनी चष्मा लावला, कागद उजेडात धरला, गोल पाहिला आणि म्हणाले, “आता कसं! भरा सामान.”

सामानात मावल्याच्या बोअरचे पाणी, सुतळी, दोन टॉर्च आणि फाइल. नांदेडपर्यंत रेल्वेत उभे आणि पुढे रात्रभर बसमध्ये बसून आम्ही पुण्याला पोचलो. पोचल्या पोचल्या मामाजींनी लॉजपासून मैदानापर्यंतचा मुआयना केला, म्हणजे पावले मोजत दोनदा जाऊन आले. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे आम्ही मैदानाच्या दाराशी उभे. रांगोळी, पणत्या, आणि एक हिरव्या साडीतली बाई येणाऱ्यावर गुलाबपाणी शिंपडत होती. लोक आपले सरळ आत जात होते. मामाजी मात्र कागद पुढे करून थांबले. “आधी तपासा.” बाई म्हणाली, “काका, पास लागत नाही हो.” मामाजी हलेनात. मागे गर्दी तुंबली, पैठण्या कुरकुरू लागल्या. शेवटी बाईने कागद घेतला, शिक्का वाचला आणि चकित होऊन वर पाहिले. मामाजींच्या मागून मी हात जोडले. मग तिने खाली जोडलेला अर्ज वाचला. ती डाव्या कानापाशी थांबली असावी, कारण तिचा चेहरा बदलला. पर्समधून पेन काढून तिने कागदावर सही केली, मामींचा हात धरला आणि त्यांना पहिल्या रांगेत, अगदी उजव्या टोकाला नेऊन बसवले.

गाणे दोन तास चालले. मामी जराही हलल्या नाहीत. मामाजींनी गाणे ऐकले की नाही देव जाणे, ते सारा वेळ मामींकडे बघत होते. नंतर टपरीवर चहा घेताना मामी म्हणाल्या, “अवो, मी त्या गानाऱ्या बाईचा श्वास ऐकला. तानेच्या आधी, बारीकसा. रेडिओत कधीच आला नवता.” मामाजींनी फाइल उघडली आणि हे बयान म्हणून शब्द न् शब्द लिहून घेतले. लिहिताना त्यांनी दोनदा चष्मा पुसला. माझाही सारा राग तिथेच विरघळला, हे कबूल केलेले बरे.

यंदा उन्हाळ्यात मामींचा डावा कानही गेला. आता रेडिओ बंद असतो आणि त्या घरातली ती शांतता मला सहन होत नाही. परवा गेलो तर मामाजी टेबलावर होते आणि समोर पुण्याची फाइल. आयुष्यात पुरी झालेली एकुलती एक सहल, म्हटले शेरा तरी बघू. शेरा होता, ‘मुल्तवी’.

“मामाजी, हे काऊन? ही तर झाली ना!”

“दाखल दफ्तर लिहलं का फाइल पुन्हा उघडत नसते, जवाईबापू. मुल्तवीची उघडते.” त्यांनी एक नवा अर्ज माझ्यापुढे सरकवला. त्यात डाव्या-उजव्या कानाचा उल्लेख नव्हता. ‘सबब गाणाऱ्याचा चेहरा नीट दिसेल अशी, मधोमध खुर्ची मिळावी.’ मामी पलीकडे वाती वळत बसल्या होत्या. माझ्याकडे पाहून त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि एक श्वास घेऊन दाखवला.

अर्ज खिशात घालून दाराशी गेलो तेव्हा मामाजींनी मागून हाक मारली.

“जवाईबापू, या खेपेले शिक्का जरा सरळ मारजा. मागच्या टायमाले ‘पाने दुमडू नयेत’ लय मुश्किलीनं वाचता आलं.”