मालकांचा माणूस

कंपाउंडरने त्या दोन खोल्या विकत घेतल्या तेव्हा जावयाने एकच सल्ला दिला होता. भाड्याने द्यायच्या तर एजंटकडे सोपवा. तो माणसं आणील, भाडं वसूल करील, भांडायची वेळ आली तर भांडेल. तुम्ही घरी पाय पसरून बसा. कंपाउंडरला ते पटलं नाही. नुसत्या तोंडाच्या वाफा दवडणाऱ्या माणसाला आपल्या जन्माच्या कमाईतला वाटा का द्यायचा? घर आपलं, किल्ली आपली, सायकल आपली. आठवड्यातून एक चक्कर मारली की झालं. "एवढी वर्षं दवाखाना सांभाळला," तो म्हणाला, "दोन खोल्या सांभाळता येणार नाहीत?"

दवाखाना त्याने सांभाळला होता हे खोटं नाही. पण कसा सांभाळला होता ते पाहायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून आलं. डॉक्टर आत बसत आणि कंपाउंडर बाहेर, औषधांच्या खिडकीत. आतून येणारा प्रत्येक नकार या खिडकीतून बाहेर पडायचा. डॉक्टर आता कोणाला घेणार नाहीत. डॉक्टर उधारी ठेवू नका म्हणतात. डॉक्टर म्हणतात, इंजेक्शन घ्यावंच लागेल. आणि एवढं सांगून झालं की कंपाउंडर मान किंचित वाकडी करून हळूच म्हणायचा, "थांबा, मी सांगून बघतो." कधी सांगायचा, पुष्कळदा नाहीच सांगायचा. लोक डॉक्टरांना शिव्या घालत आणि कंपाउंडरला दुवा देत घरी जायचे. माणूस लोण्यासारखा, असं सगळे म्हणत. सगळे म्हणतात म्हटल्यावर त्यालाही ते खरं वाटू लागलं होतं.

लोण्याची परीक्षा पहिल्या भाडेकरूने घेतली. तो खाजगी बसवर ड्रायव्हर होता आणि कंपाउंडरला 'बाबा' म्हणायचा. कंपाउंडर भाडं मागायला जायचा आणि चहा पिऊन परत यायचा. एकदा तर त्यांच्याकडे फार उकडतं म्हणून स्वतःच्या घरचा टेबलफॅन देऊन आला. पुढे बाबा म्हणणारा लेक बिऱ्हाडासकट कुठे गेला ते कळलं नाही, फॅनही बरोबर गेला. बायको म्हणाली, "भीड भिकेची बहीण, दुसरं काय! आता तरी एजंट बघा." कंपाउंडरने दोन दिवस सायकलला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी मात्र स्वारी खुशीत दिसली.

त्यानंतर जागा बघायला आली ती टेलरबाई. बरोबर म्हातारी आई आणि एक शिलाई मशीन, एवढाच संसार. नवरा नव्हता, होता तो कुठे गेला हे तिने सांगितलं नाही आणि याने विचारलं नाही. बाहेरच्या खोलीची खिडकी रस्त्यावर उघडत होती, ती तिच्या मनात भरली. मशीन तिथे ठेवलं की येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल, आणि उजेडही भरपूर. तिने वळून विचारलं, "जागा तुमचीच का काका?"

"छे छे," कंपाउंडर म्हणाला, "मी नुसता मालकांचा माणूस."

अशी त्या मालकांची जन्मकथा. पुढे ते वाढले मात्र झपाट्याने. ते परगावी राहायचे. त्यांना शुगर होती, त्यामुळे राग लवकर यायचा. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे माया कशी ती ठाऊक नव्हती. भिंतीत खिळा ठोकलेला त्यांना खपत नसे, आणि भाडं पाच तारखेच्या आत लागे. "माझं काय हो," कंपाउंडर म्हणायचा, "मी म्हटलं असतं दहा तारखेला द्या. पण आमच्या मालकांचा स्वभाव पडला तिखट." आणि आश्चर्य म्हणजे भाडं पाचच्या आत यायचं. लोक दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून गोळी झाडतात. याने खांदासुद्धा घरीच तयार केला होता. एजंट नको नको म्हणता म्हणता तो आपलाच एजंट होऊन बसला, तोही बिनपगारी.

बायकोला हे कळलं तेव्हा ती हसून हसून बेजार झाली. मग रोजचं झालं. "काय म्हणतात तुमचे मालक? जेवायला यायचेत का?" किंवा, "मालकांना सांगा, घरातली साखर संपलीय." एकदा मात्र ती हसता हसता थांबली आणि म्हणाली, "तुमच्यापेक्षा तुमचा मालक बरा. निदान तोंडावर बोलतो." कंपाउंडरने तेही हसण्यावारी नेलं.

टेलरबाईचा जम बसला. समोरच्या शाळेचे गणवेश, आसपासच्या बायकांचे कपडे, कुणाची चेन बदल, कुणाची लांबी कमी कर. खिडकीतूनच माप घ्यायची, खिडकीतूनच कपडा द्यायची. आठवड्याला कंपाउंडरची सायकल दाराशी लागली की म्हातारी आतून हाक मारायची, "भाऊ आले का? त्यांना बसायला दे." मग चहा, आणि चहाबरोबर मालकांचा उद्धार. बाई सुईत दोरा ओवता ओवता म्हणायची, "काका, तुमचे मालक काय कधी आंघोळ करत नाहीत वाटतं? नाही म्हणजे, न्हाणीघरातला नळ गळतो म्हणून तीनदा सांगितलं, त्यांना नळाचं काही पडलेलंच नाही." कंपाउंडर खो खो हसायचा. त्या हसण्यात त्याला फार मोकळं वाटायचं.

नळाचं त्याने काय केलं तेही सांगायला हवं. दुसऱ्या दिवशी तो पाना आणि वॉशर घेऊन आला, गुडघ्यावर बसून नळ दुरुस्त केला आणि हात पुसत म्हणाला, "मालकांच्या कानावर घालू नका हं. माझ्या पदरचं केलंय." स्वतःच्या घराचा नळ दुरुस्त करून उपकार चढवणारा घरमालक जगात दुसरा झाला नसेल. आतल्या खोलीतली ओल काढली तीही अशीच, पदरची. बाईने त्याबद्दल त्याला एक सदरा शिवून दिला, एक पैसा न घेता. मापही घेतलं नाही. बघूनच शिवला, आणि खांद्यात अगदी नेमका बसला. तो सदरा त्याने बायकोला दाखवला. तिने हातात घेऊन शिवण पाहिली आणि घडी करून ठेवला. पुढच्या आठवड्यात ती स्वतःच एक पोलकं शिवायला टाकायला टेलरबाईकडे जाऊन आली.

काही वर्षांनी कंपाउंडरची बायको वारली. म्हातारी पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि तिने अंथरूण धरलं. आतल्या खोलीत तिची खाट अशी लावली होती की दार उघडं असलं म्हणजे लेकीची पाठ आणि रस्त्याचा तुकडा दिसायचा. तेवढ्यावर तिचा दिवस जायचा. रस्त्यावरून जाणाऱ्या बायका खिडकीतून डोकावून तिला हाक मारायच्या. टेलरबाई मशीनवरून उठून दोन पावलांत आईपाशी पोचायची, पाणी पाजून परत यायची. अशी सोय गावात दुसरीकडे मिळणार नव्हती, हे बाई जाणून होती आणि कंपाउंडरही.

आणि एक दिवस छोटे डॉक्टर कंपाउंडरच्या घरी आले. डॉक्टरांचा मुलगा, याच्या मांडीवर खेळलेला, याच्या हातून कडू औषधं प्यायलेला. आता शिकून आला होता, दाताचा दवाखाना काढायचा म्हणत होता. शाळेसमोरची ती जागा त्याने पाहून ठेवली होती. "काका, तुमच्या खोल्या मला द्या. भाडं तुम्ही म्हणाल ते. आणि बाहेर खिडकीत माझ्याकडे तुम्हीच बसायचं. दुसरं कोण आहे मला विश्वासाचं?"

कंपाउंडरची मान आपोआप हलली. डॉक्टरांच्या घरच्या माणसाला नाही म्हणायचं शिक्षण त्याला मिळालंच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर भाड्याच्या आकड्यापेक्षा त्याला ती खिडकी दिसू लागली. सकाळी उठून कपडे करायचे, कुठेतरी वेळेवर जायचं, लोकांनी खिडकीशी गर्दी करायची. बायको गेल्यापासून त्याला सकाळ नकोशी झाली होती. त्याला माणसांत जाऊन बसायचं होतं, यात पाप काही नाही. पाप पुढे आहे.

दोन दिवसांनी तो टेलरबाईकडे गेला. चहा नको म्हणाला. सदऱ्याचं बटण चाचपत म्हणाला, "मालकांनी कळवलंय. जागा खाली करून हवीय."

मशीनचं पायडल थांबलं. "का?"

"कोणा डॉक्टरला द्यायचीय म्हणे."

"तुम्ही सांगितलंत का त्यांना? आईचं?"

"म्हणजे काय! सांगितलं ना. खूप सांगितलं."

"मग काय म्हणाले?"

इथे माणसाने अडखळावं. कंपाउंडर अडखळला नाही, इतक्या वर्षांची सवय होती. "म्हणाले, मी काय धर्मशाळा उघडलीय का?"

"असं म्हणाले?"

"शब्द न् शब्द."

 बाईने हातातला कपडा खाली ठेवला आणि एकेक शब्द जपून टाकत म्हणाली, "मग माझा एक निरोप त्यांना द्या काका. म्हणावं, मी भाडं वाढवून देते. ते नको असेल तर एवढा उन्हाळा काढू द्या. आई फार दिवसांची नाही. तिला या खाटेवरून जाऊ द्या, मग मी स्वतः किल्ली आणून देते. एवढं एकदा विचारा त्यांना. नीट बसून विचारा."

"विचारतो," कंपाउंडर म्हणाला.

घरी आला आणि खरोखरच बसला. पण विचारायचं कोणाला? विचारायचं तर स्वतःला, आणि तो धंदा त्याने कधी केला नव्हता. बाईचं बोलणं त्याला लागलं नाही असं नव्हे. छोट्या डॉक्टरांना जाऊन म्हणावं, थोडं थांबा बाबा, असं एकदा मनात आलंही. चपला पायात घातल्याही. मग वाटलं, ते म्हणतील, काका, मग मी दुसरी जागा बघतो. तिथल्या खिडकीत दुसरा कोणी बसेल. त्याने चपला काढल्या. जेवून झोपला, आणि झोपही लागली. त्याची चीड येते ती इथे. दुष्ट माणसाला निदान आपण दुष्टपणा केला हे ठाऊक असतं. याच्या हातून झालेलं सगळं वाईट मालकांच्या नावावर जमा होत होतं, आणि याच्या वाट्याला नुसतं वाईट वाटणं येत होतं. वाईट वाटून घेण्यात तो पटाईत होता.

पुढच्या खेपेला त्याने दारातूनच सांगितलं, "नाही ऐकलं हो. महिन्याची मुदत दिलीय. मी तर त्यांच्याशी भांडलो या वेळी."

"भांडलात?" बाई म्हणाली. "बरं."

नवी जागा मिळाली ती बाजाराच्या पलीकडे, दुसऱ्या मजल्यावर. खिडकी होती, पण ती मागच्या इमारतीच्या भिंतीवर उघडत होती. शाळेचे गणवेश तिथवर कोणी नेणार नव्हतं. म्हातारीला खुर्चीत बसवून दोन हमाल वर चढवतील. खाली ती पुन्हा कधी उतरेल, याचा विचार कोणी बोलून दाखवला नाही.

सामान हलवायच्या दिवशी कंपाउंडर सकाळीच हजर झाला. मदत करायला म्हणून. मशीनचा एक कोपरा त्याने धरला, खाटेच्या पाट्या मोकळ्या केल्या, इस्त्री स्वतःच्या हातांनी टेम्पोत नेऊन ठेवली. म्हातारीला ड्रायव्हरशेजारी उशा लावून बसवलं. खोल्या रिकाम्या झाल्या. बाईने केर काढला, कोपऱ्यातले दोऱ्यांचे तुकडेसुद्धा वेचले आणि किल्ली घेऊन बाहेरच्या खोलीत आली. तिथे ती दोघंच होती.

"काका, तुमची किल्ली."

"मालकांना..." कंपाउंडरने सुरुवात केली.

"राहू द्या आता ते," बाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "काकू पोलकं शिवायला आल्या होत्या तेव्हाच मला सांगून गेल्या. म्हणाल्या, घर आमच्या ह्यांचंच आहे, पण बोलून दाखवू नकोस, त्यांना तोंडावर बोलता येत नाही. जे काय सांगायचं ते मालकाला शिव्या घालून सांगत जा, पोचतं बरोबर. तशी मी इतकी वर्षं सांगत आले. पोचतही होतं."

किल्लीसाठी पुढे केलेला हात कंपाउंडरने मागे घेतला.

"मला तर बरं वाटायचं," ती म्हणाली. "म्हटलं, ज्याला नाही म्हणायला एवढा वाईट माणूस मनानेच रचावा लागतो, तो स्वतः किती चांगला असेल. वेळ आली की काका मालकांना गप्प बसवतील, असं मी धरून चालले होते. म्हणून तर म्हटलं ना तुम्हाला, नीट बसून विचारा."

तिने किल्ली त्याच्या हातावर ठेवली आणि बाहेर गेली. तिच्या मागोमाग तो टेम्पोपर्यंत गेला. का गेला ते त्यालाही सांगता आलं नसतं. म्हातारीने खिडकीतून हात बाहेर काढला आणि त्याचं मनगट धरलं. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. लेकीने तिला कधी सांगितलं नव्हतं.

"भाऊ, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही हुकमाचे ताबेदार, तुमचा काय दोष? आमच्यासाठी भांडलात तुम्ही, पोरगी सांगत होती मला. त्या मेल्याचं वाटोळं होईल. पण तुम्ही त्याची नोकरी सोडा हो. असल्या माणसाजवळ राहून माणूस तसाच होतो. आणि कधी जेवायची आबाळ झाली तर सरळ आमच्याकडे या. लाजायचं नाही."

टेलरबाई मागे सामानात चढली होती. मशीनला हात टेकून ती त्याच्याकडे पाहत होती. तिने आईला थांबवलं नाही, ड्रायव्हरलाही निघ म्हणाली नाही. एक वाक्य बोलायला लागतो त्याहून जास्त वेळ तिने त्याला दिला.

कंपाउंडरने मान किंचित वाकडी केली आणि म्हातारीच्या हातावर हात ठेवला.

"येईन हो मावशी," तो म्हणाला. "तुम्ही जपून जा."